घरी जुळवलेला की कंपनीचा तयार? एका दूध केंद्राच्या काँप्युटरची हकीकत

दूध संकलन केंद्रात काट्याशेजारी काँप्युटर असणे ही आता खेड्यापाड्यांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. किटली काट्यावर ठेवली की वजन पडद्यावर येते, नमुना यंत्रात घातला की फॅट आणि एसएनएफ येतात, आणि दर व रक्कम छापलेली चिठ्ठी हातात पडते. दहा दिवसांनी बिल. हे सारे सुरळीत चालले असेपर्यंत त्या पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती बंद पडली की मात्र रांगेतला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो पेटी तापली, कोणी तिला वरून दोन चापट्या मारून पाहतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी २०२५ च्या उन्हाळ्यात असाच प्रसंग आला. केंद्र घरचेच. दादा शेती पाहतात आणि केंद्राचा सगळा व्यवहार वहिनी सांभाळतात. थोरला मुलगा आयटीआयमधून ‘कोपा’ हा काँप्युटरचा कोर्स करून नोकरीच्या शोधात होता. काँप्युटर नावाजलेल्या कंपनीचा, सात वर्षांचा, हमीची मुदत केव्हाच संपलेली. एके दिवशी संध्याकाळच्या दुधाला तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग रोज एकदा, मग दर किटलीला. शेवटी निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी मजकूर.

तालुक्याहून कारागीर आला. त्याने रॅम बदलली. चार दिवस बरे गेले. पुन्हा तेच. मग हार्ड डिस्क बदलली. आठवडा गेला आणि एका सकाळी पेटी सुरूच होईना. आता दोष एसएमपीएसचा, म्हणजे घरातली वीज आत घेऊन तिचे बारीक व्होल्टेज करणाऱ्या डब्याचा, असा निकाल लागला. बाजारात एसएमपीएस पुष्कळ मिळतात, पण या पेटीत त्यांतला एकही बसेना. कंपनीने डबा आपल्या खास मापाचा केलेला, तारेची पिनसुद्धा निराळी. तो पुण्याहून मागवावा लागला आणि यायला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस केंद्र वहीवर चालले. वही काही वाईट नाही. आपल्या वाडवडिलांनी तिच्यावरच संसार केले. पण सव्वाशे खातेदार, दोन वेळचे दूध, प्रत्येकाचे फॅट वेगळे, आणि लिहिणारे हात एकच. बिलाच्या दिवशी दोन ठिकाणी वाद झाले. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एका म्हातारीचे तीन वेळचे दूध वहीत चढलेच नव्हते. तिने बोटांवर मोजून वार आणि वेळ सांगितली. वहिनींनी शब्द न बोलता आपल्या पदरचे पैसे भरले. त्या रात्री घरात नव्या काँप्युटरचा विषय निघाला.

दादांचे मत आणि मुलाचे मत

मुलाचे म्हणणे सरळ होते. सुटे भाग आणू, मी जुळवतो. उद्या काही बिघडले तर तेवढाच भाग बदलायचा. तालुक्याला मिळेल तो एसएमपीएस, मिळेल ती रॅम. कंपनीच्या पेटीसारखे पुण्याकडे डोळे लावून बसायला नको.

दादांचे म्हणणे तितकेच सरळ. कंपनीचे ते कंपनीचे. बिघडले तर एक नंबर फिरवायचा, त्यांचा माणूस येईल. जुळवलेल्या पेटीत पाच कंपन्यांचे पाच भाग; बिघडले की एक दुकानदार दुसऱ्याकडे बोट दाखवणार. शेजारच्या गावच्या सोसायटीने जुळवलेला काँप्युटर घेतला होता. त्यात चोरीची विंडोज घालून मिळाली आणि व्हायरसने दोन वर्षांचा हिशेब खाल्ला, हे दादा विसरले नव्हते.

दोघांचेही खरे होते, म्हणूनच वाद मिटेना.

इथे जरा थांबून हे सुटे भाग जुळवण्याचे प्रकरण आले कोठून ते सांगायला हवे. फ्रिज किंवा टीव्ही कोणी घरी जुळवत नाही, मग काँप्युटरच का? १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आय.बी.एम. कंपनीने आपला छोटा वैयक्तिक संगणक बाजारात आणला. घाई असल्यामुळे त्यांनी त्यातले बहुतेक भाग बाहेरच्या कारखान्यांकडून घेतले आणि आतली रचनाही छापून प्रसिद्ध केली. दोन वर्षांच्या आत इतर कंपन्या तसेच काँप्युटर करू लागल्या. भाग करणारे कारखाने वेगळे, जुळवणारे वेगळे, अशी वाटणी झाली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्डाची भोके कोठे, स्क्रू कोठे, वीज कोणत्या जोडणीतून येणार, हे सगळे त्यात आले. तेव्हापासून कोणाचाही बोर्ड कोणाच्याही पेटीत बसू लागला. बैलगाडीचा साटा एका सुताराचा आणि टायरचाक दुसऱ्या दुकानचे असले तरी आस एकाच मापाचा असला की गाडी चालते, तसेच हे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा पसारा ठाऊक असेल. गल्लीभर नुसते भाग.

आणि मग काही कंपन्यांनी पुन्हा आपले माप वेगळे केले. पेटी लहान व्हावी, खर्च वाचावा, हे एक कारण. गिऱ्हाईक सुट्या भागांसाठी आपल्याकडेच परत यावे, हेही एक असावे, असे मला आपले वाटते.

आधी वीज पाहा

वाद चालू असतानाच एक गोष्ट झाली आणि सगळ्या प्रकरणाला वळण लागले. पुण्याहून आलेला एसएमपीएस बसवला, पेटी सुरू झाली आणि सहाव्या दिवशी फॅटच्या यंत्राची वायर जोडण्याची जागाच जळाली. त्याच सकाळी वहिनी म्हणाल्या, “या पेटीला हात लावला की मुंग्या येतात. बरेच दिवस येताहेत.”

बाकी कोणी हे ऐकून सोडून दिले असते. मुलाने गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावून पाहिला तर पेटीचा पत्रा आणि जमीन यांच्यामध्ये शंभराच्या आसपास व्होल्टेज. अर्थिंग नव्हतेच. म्हणजे बोर्डात तिसरी पिन होती, तिला हिरवी तारही होती, पण दीड वर्षापूर्वी गटार खणताना खड्ड्याकडे जाणारी तार तुटली होती आणि ती मातीआड गेलेली कोणाला दिसली नव्हती.

हे समजून घेण्यासारखे आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात आणि ते पेटीच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर थोडीशी गळणारी वीज जमिनीत जाते. ते नसेल तर पत्र्यावर घरातल्या विजेच्या साधारण निम्मे व्होल्टेज येऊन बसते. त्यात फारसा जोर नसतो, म्हणून माणसाला मुंग्या येतात इतकेच. पण काटा, फॅटचे यंत्र आणि काँप्युटर ही तिन्ही वायरने एकमेकांना जोडलेली असतात. त्या गळक्या विजेला वाट त्या नाजूक वायरीतूनच मिळते आणि जोडण्या जळतात. शिवाय मुंग्यांवर गेले म्हणून ठीक; एखाद्या उपकरणाची फेज तार आतून पत्र्याला टेकली तर अर्थिंग नसलेल्या घरात माणूस जातो.

दुसरा दोष यूपीएसचा. डबा होता, हिरवा दिवा होता, पण आतली बॅटरी चार वर्षांची. अशा लहान यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. त्यानंतर तो नुसता रिकामा डबा. इकडची वीज तिकडे देतो एवढेच. त्या गावात घरे आणि विहिरींच्या मोटारी एकाच डीपीवर आहेत. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज धाडकन खाली येते, बंद झाल्या की उसळी मारते. आपोआप बंद होऊन सुरू होण्याचा रोग होता तो हा. एसएमपीएस गेला तोही यातच. रॅम आणि हार्ड डिस्क बिचाऱ्या बहुधा निर्दोष असताना बदलल्या गेल्या.

नवा खड्डा खणून पट्टी, कोळसा, मीठ घालून अर्थिंग केले, यूपीएसला नवी बॅटरी घातली. मीटर लावला तर पत्र्यावर दोन व्होल्टसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचे काम घरच्या धाकटीकडे आले.

घरी जुळवलेला घ्या नाहीतर कंपनीचा घ्या, आधी हे करून घेतले नाही तर नवा काँप्युटरही जुन्याच्याच वाटेने जाईल. वायरमनची मजुरी आणि बॅटरी मिळून जो खर्च होतो तो कोणत्याही एका भागापेक्षा फारसा जास्त नसतो.

हिशेबाची चिठ्ठी

जुनी पेटी आता काटा आणि फॅटच्या यंत्राशी बोलू शकत नव्हती. शिवाय तिच्यात विंडोज १० होती, आणि तिची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे आधीच जाहीर झालेले होते. विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरवर रीतसर चढत नाही. तेव्हा नवा घेणे भागच होते. पडदा, की-बोर्ड, माऊस जुनेच चालणार होते.

मुलाने तालुक्याच्या दुकानातून भाव लिहून आणले. प्रोसेसर ९,४०० रुपये, मदरबोर्ड ६,८००, आठ जीबी रॅम १,९००, एसएसडी २,९००, पेटी आणि चांगल्यापैकी एसएमपीएस मिळून ४,३००. एकूण २५,३००. कंपनीचा तेवढ्याच ताकदीचा काँप्युटर, विंडोजसह आणि तीन वर्षे घरपोच दुरुस्तीसह, ४१,०००.

पंधरा हजार सातशेंचा फरक. दादाही क्षणभर गप्प झाले. पण वहिनींनी विचारले, “विंडोजचे पैसे कुठे आहेत यात?” ते नव्हतेच. दुकानदार म्हणाला होता की घालून देऊ. घालून देऊ म्हणजे चोरीची. रीतसर परवाना घेतला तर फरकातला निम्म्याहून अधिक भाग तिथेच जातो. शेजारच्या सोसायटीची गोष्ट ठाऊक असलेल्या घरात ही काटकसर चालण्यासारखी नव्हती. ज्यांना नुसते इंटरनेट, मराठी टंकलेखन आणि मुलांचा अभ्यास एवढेच करायचे आहे त्यांना फुकट मिळणारी लिनक्स घालता येते आणि ती उत्तम चालते. दूध केंद्राचा प्रोग्रॅम मात्र विंडोजवरच चालणारा होता.

(हे भाव त्या वेळचे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भलतेच चढले, कारण मोठमोठ्या संगणक केंद्रांनी सगळा माल उचलायला सुरुवात केली. तेव्हा ही चिठ्ठी घेऊन दुकानात भांडायला जाऊ नका. त्या दिवशीचा भाव विचारा.)

दुसरी अडचण जोडणीची. काटा आणि फॅटचे यंत्र यांना जुन्या तऱ्हेचे नऊ पिनांचे पोर्ट लागतात, ज्याला सिरियल पोर्ट म्हणतात. नव्या तयार काँप्युटरांत ते बहुधा नसते. मग यूएसबीला लावायचे जोडतुकडे घ्यावे लागतात. स्वस्तातले जोडतुकडे कधी चालतात, कधी रुसतात. जुळवताना मात्र ज्यावर हे पोर्ट आहे किंवा त्याची जागा आहे असा बोर्ड निवडता येतो. माझ्या मते दूध केंद्र, भुईकाटा किंवा असे यंत्र जोडणाऱ्या माणसाने आधी हेच पाहावे. पेटीवरचा रंगीत दिवा नंतर.

आणि तिसरी अडचण दुरुस्तीची. कंपनीच्या कागदावर ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ असे छापलेले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी ते खरेही होते. आडगावाला दोन-तीन दिवस धरून चालावे. जुळवलेल्या काँप्युटरात प्रत्येक भागाची हमी वेगळी, आणि भाग दुकानदारामार्फत शहराच्या सेवा केंद्राला जाऊन परत यायला पंधरवडाही लागतो. फरक इतकाच, की तोवर बाजारातून दुसरा भाग घालून काम सुरू ठेवता येते.

वहिनींचा निकाल

खरा प्रश्न यांपैकी कोणताच नव्हता. मुलाला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणे आले होते. तो गेल्यावर पेटी उघडणार कोण? दादा नेमके हेच बोलत नव्हते. मुलगाही बोलत नव्हता, कारण जुळवून दिल्यावर आपण इथे नसू हे त्याला कळत होते.

वहिनीच म्हणाल्या, “सकाळी सहाला दूध येतं. मी इथं असते, तुम्ही कोणी नसता. मला उघडायला शिकव. मला जमलं तर तुझी पेटी. नाही जमलं तर ह्यांची.”

मग तीन संध्याकाळी ओट्यावर जुनी पेटी उघडून शिकवणी झाली. आधी भिंतीतली पिन काढायची. हात लावण्याआधी पत्र्याला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवायची. नायलॉनची साडी नेसून काम करायचे नाही, कारण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तिच्यात ठिणगीइतकी वीज साचते आणि रॅमला तेवढी पुरे. रॅमच्या सोनेरी पट्टीवर काजळी धरली तर शाळेतल्या खोडरबराने हलकेच पुसायची. सुरू करताना पेटी सारखी ‘बीप’ वाजवू लागली की बहुधा दोष तिथेच असतो. तारीख मागे गेली आणि संकेतस्थळे उघडेनाशी झाली तर बोर्डावरची रुपयाएवढी बॅटरी बदलायची. एसएमपीएस पूर्ण काढून नवा घालता येतो, पण तो डबा स्वतः कधीही फोडायचा नाही. पिन काढल्यावरही आत मारण्याइतकी वीज शिल्लक राहते.

एका गोष्टीला मुलाने आईला हात लावू दिला नाही. प्रोसेसरखालच्या खाचेत केसासारख्या बारीक तारा असतात. एक वाकली की बोर्ड गेला आणि हमीही गेली. ते काम त्यानेच केले. बाकी सारे स्क्रू वहिनींनी आवळले. वातीला कापूस पिंजणाऱ्या हाताला ते जड नव्हते. पेटीत जुन्या भुशाचा थर आणि पालीची अंडी निघाली, म्हणून नव्या पेटीच्या हवेच्या झरोक्यांवर बारीक जाळी आली.

घरी जुळवलेला काँप्युटर उभा राहिला. परवान्याची विंडोज घातली. दादांनी पैसे दिले आणि वर एक अट घातली, की जादा एसएमपीएस आणि जादा रॅम आजच आणून कपाटात ठेवायची. वादातला सगळ्यात शहाणा शब्द तोच म्हणायला हवा, कारण जुळवलेल्या काँप्युटराची खरी हमी कपाटातल्या सुट्या भागांत असते.

म्हणून सगळ्यांनी जुळवलेलाच घ्यावा असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. त्या घरात उघडणारा हात होता आणि रोज लागणारे काम होते. जिथे पेटी उघडणारे कोणी नाही, मुलीच्या अभ्यासाला किंवा सातबारा काढायला काँप्युटर हवा आहे, तिथे कंपनीचा तयारच बरा. घेताना मात्र दुकानदाराला विचारा की एसएमपीएस बाजारातल्या मापाचा आहे की खास; घरपोच दुरुस्ती आमच्या पिनकोडला मिळते का; पुढे रॅम वाढवण्यासाठी पेटी उघडली तर हमी राहते का. उत्तरे बिलाच्या पाठीवर लिहून घ्या. ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी दुकानदाराकडून, कच्च्या चिठ्ठीवर, चोरीच्या विंडोजसह घेतलेला काँप्युटर हा तिसरा प्रकार आहे, आणि त्याच्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात.

जीएसटीचे पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, हे दोन्ही प्रकारांत हवेच. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर पुष्कळदा तिथेच मिटते. बिल नसेल तर मात्र आपली बाजू लंगडी.

वहिनींच्या टेबलाच्या खणात आता एक शंभर पानी वही असते. पहिल्या पानावर प्रत्येक भागाचे नाव, घेतल्याची तारीख, हमी कधी संपते आणि दुकानदाराचा फोन. यूपीएसच्या बॅटरीची तारीख लाल शाईने. दर दहा दिवसांचे बिल वाटून झाले की सगळा हिशेब दोन पेन ड्राइव्हवर उतरवला जातो. एक खणात, एक देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. जुनी पेटी भंगारवाल्याला दिलेली नाही. तिची हार्ड डिस्क काढून ठेवली आहे, कारण तिच्यात सगळ्या खातेदारांचे बँक खाते क्रमांक आहेत.